चौतीस वस्तूंचं घनफळ

माझ्या मुलीला मी घनफळ शिकवलं ते तिला फसवण्यासाठी. सुरुवातीलाच सांगून मोकळा होतो, नाहीतर पुढचं वाचताना मी कुणाला तरी आदर्श बाप वाटायचो.

मी चंद्रहास, मूळचा नाशिकचा. चौदा वर्षं कुवेतमध्ये तेलाच्या टाक्या मापतोय. टाकी बाहेरून दिसते तशी कधीच नसते. कुठे फुगलेली असते, कुठे दबलेली असते. म्हणून तिला ठिकठिकाणी पोलादी पट्टी गुंडाळून, कुठल्या उंचीला किती तेल याचा तक्ता करावा लागतो. तो तक्ता मी करतो. मापाच्या बाबतीत मी खडूस आहे. साहेबानं घेतलेलं मापसुद्धा स्वतः पुन्हा घेतल्याशिवाय सही करत नाही. घरी उल्का, माझी बायको, ‘वाटीभर रवा’ म्हणाली की मी ‘कुठली वाटी?’ असं विचारतो आणि ती मला स्वयंपाकघरातून हाकलून देते.

जानेवारीत आमच्या कंपनीचं कंत्राट संपलं. दुसरीकडे काम मिळालं, पण पगार इतका खाली आला की त्यात फॅमिली व्हिसा बसेना. उल्का आणि जुईलीचा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, मार्चअखेर संपत होता आणि तो पुढे वाढणार नव्हता. त्या दोघींनी नाशिकला जायचं, हवल्लीतला फ्लॅट सोडायचा आणि मी फरवानियात चौघांच्या खोलीत एक खाट घ्यायची, असं ठरलं. ठरलं म्हणजे काय, दुसरं काही उरलंच नव्हतं.

जुईली आठवीत. तिचा जन्म इथला. नाशिक तिला मे महिन्यापुरतं माहीत, आंबे आणि डास यांच्यासकट. तिची जिवाभावाची मैत्रीण असमा आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. हे सगळं तिच्याकडून काढून घ्यायचं होतं आणि ते तिला सांगायचं कुणी, हा प्रश्न होता.

“परीक्षा होऊ दे,” उल्का म्हणाली.

“हो, परीक्षा होऊ दे,” मीही लगेच म्हणालो. आपल्याकडे घरात आजारपण असो, मयत असो, भांडण असो, मुलांची परीक्षा होईपर्यंत सगळं दाबून ठेवायचं असतं. माझे आजोबा गेले ते मला दहावीच्या शेवटच्या पेपरनंतर कळलं होतं आणि त्याबद्दल मी कितीतरी वर्षं वडिलांवर धुमसत होतो. तरीही मी तेच केलं. खरं सांगायचं तर परीक्षा हे निमित्त होतं. मला तिच्या तोंडाकडे बघून ते सांगायची भीती वाटत होती.

सामान बोटीनं पाठवायचं होतं. शुवैखला हारूनभाईंचं कार्गोचं छोटं ऑफिस आहे. माणूस रत्नागिरीकडचा, साधा आणि चोख. ते फोनवर म्हणाले, “भाऊ, वजनाचा काय नाय. जागा किती अडवतंय ता सांगा. दोन घनमीटर तुमच्यासाठी धरून ठेवतंय. त्याच्यावर माझ्याकडं जागा नाय.” फोन स्पीकरवर होता. जुईली पलीकडच्या खोलीत अभ्यास करत होती आणि ती ऐकत असेल असं माझ्या मनातही आलं नाही.

त्याच आठवड्यात तिला शाळेतून उपक्रम मिळाला: घरातल्या दहा वस्तू मापा आणि त्यांचं घनफळ काढा. मला केवढं हायसं वाटलं. मी म्हणालो, “दहाच कशाला? आपण सगळं घर मापू.”

माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांत ते तीन आठवडे मोजावे लागतील, हे लिहिताना लाज वाटते. मी पाचला घरी यायचो, चहा घ्यायचो आणि आम्ही दोघं टेप घेऊन जमिनीवर बसायचो. मी मराठी माध्यमातला. मी खोक्याला इष्टिकाचिती म्हणालो की ती हसून लोळायची.

“से इट अगेन, बाबा.”

“इष्टिकाचिती. आणि हा तांदळाचा डबा म्हणजे वृत्तचिती.”

“चिती म्हणजे? बिबट्याचा कझिन?”

डब्याचा व्यास तीस, उंची चाळीस. आत किती तांदूळ मावतो ते वेगळं आणि डबा बाहेर किती जागा अडवतो ते वेगळं, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं. खलबत्त्याला ना बाजू ना व्यास, तो कसा मापायचा म्हणून ती अडली. तेव्हा मी बादली काठोकाठ भरून खलबत्ता आत सोडला आणि सांडलेलं पाणी परातीत धरून तिला मोजायला लावलं. फरशीभर पाणी झालं. उल्कानं आम्हा दोघांना फडकी दिली आणि पुसून घ्यायला लावलं.

एकदा मी तिला एक गंमत दाखवली. खोक्याची प्रत्येक बाजू फक्त दहा टक्क्यांनी वाढवली तर घनफळ किती वाढेल? ती म्हणाली, दहा टक्के. मग म्हणाली, तीस. मी म्हणालो, करून बघ. तिनं केलं, १.३३१ आलं, आणि ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली.

“म्हणजे थोडंसंच वाढवलं तर कुणाला दिसणार नाही, पण टोटल खूप वाढेल,” ती म्हणाली.

“शाब्बास,” मी म्हणालो. मला वाटलं, पोरीला आकड्यांचं नाक आहे, माझ्यावर गेलीय.

शाळेच्या दहा वस्तू तिनं चांगल्या वहीत लिहून दिल्या आणि तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले. बाकीची यादी मी केली होती. गाद्या, रजया, पुस्तकांचं कपाट, मिक्सर, पितळेची भांडी, उल्काचं शिलाई मशीन टेबलासकट. एकूण चौतीस नग. ते मापायला मी तिला लावलं. माझी त्या दिवसांत सह्या-शिक्क्यांसाठी धावपळ चालली होती, म्हणून मी म्हणालो, तू एकटीनं कर, सगळं एका यादीत उतरव. शाळेसाठी मापलेल्या दहा वस्तूही त्यातच होत्या. तिनं चार दिवसांत यादी दिली. मी एकही माप तपासलं नाही. साहेबाला न सोडणारा मी, पोरीचे आकडे डोळे झाकून घेतले आणि त्याचाही मला अभिमान वाटला.

बेरीज आली दोन पॉइंट सहा सहा. जागा होती दोनची.

“काय काढायचं?” मी उल्काला हळूच विचारलं.

तिनं यादीवरून बोट खालपर्यंत फिरवलं. मग म्हणाली, “मशीन.”

त्या मशीनवर ती हवल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायची, शाळेच्या गॅदरिंगचे पोशाख शिवायची. नाशिकला गेल्यावर तेच काम सुरू करायचं असं तिनं मनाशी धरलं होतं. मी म्हणालो, दुसरं काहीतरी काढू. तिनं मला यादी दाखवली. दुसरं काढून बेरीज दोनवर येत नव्हती. पुस्तकांचं कपाटही गेलं, आणि मशीन खालच्या मजल्यावर राहणाऱ्या उल्काच्या मैत्रिणीला, स्वप्नाला, दिलं. जुईलीला सांगितलं की आईला नवं घ्यायचंय. स्वप्नाचा नवरा आणि मी मशीन उचलून लिफ्टमध्ये नेत होतो तेव्हा जुईली दारात उभी होती. “बाबा, नका ना देऊ,” एवढंच म्हणाली आणि आत जाऊन बाथरूमचं दार लावून बसली. उल्का म्हणाली, “लहानपणापासून त्या आवाजात झोपलीय ती.” मला ते पटलं.

गणिताचा पेपर शेवटचा होता, रविवारी. शनिवारी संध्याकाळी जुईली असमाकडे अभ्यासाला गेली आणि ती वेळ साधून मी हारूनभाईंना घरी बोलावलं. बुकिंगआधी ते एकदा स्वतः माप घेतात. ते टेप घेऊन गुडघ्यांवर बसले, एकेक नग मापत गेले आणि थोड्या वेळानं त्यांनी माझ्याकडे वर बघितलं.

“भाऊ, ह्यो खोका साठचा हाय. तुमी सहासष्ट लिवलाव.”

“शक्य नाही,” मी म्हणालो. माझ्या डोक्यात तिडीक गेली. चौदा वर्षांत माझं माप चुकलंय असं मला कुणी म्हटलं नव्हतं.

“टेप तुमच्या हातात घ्या ना.”

मी घेतला. साठ भरले. शेजारची बॅग पन्नास, यादीत पंचावन्न. हारूनभाईंनी सगळं धरून बेरीज केली. “दीड होतंय. अर्धा मीटर रिकामी ऱ्हातेय. आणखी कायतरी घाला की.”

मी जुईलीची शाळेची वही काढून आणली. वहीत तांदळाचा डबा व्यास तीस, उंची चाळीस. यादीत तोच डबा तेहतीस आणि चव्वेचाळीस. वहीतलं प्रत्येक माप बरोबर होतं आणि यादीतलं प्रत्येक माप बरोबर दहा टक्क्यांनी जास्त होतं. निष्काळजीपणाची चूक अशी नसते. ती कधी जास्त होते, कधी कमी होते. ही चूक कुणीतरी विचार करून, मन लावून, चौतीस वेळा केली होती.

उल्का स्वयंपाकघराच्या दारात आली होती. ती माझ्या हातातली वही आणि यादी बघत होती. तिला आकड्यांतलं काही सांगावं लागलं नाही. “म्हणजे मशीन बसत होतं,” ती म्हणाली.

तेवढ्यात लॅच उघडलं आणि जुईली आत आली. तिला कंपास हवा होता. हारूनभाई, टेप, तिची वही, सगळं एका नजरेत तिनं पाहिलं आणि ती तिथंच थांबली. हारूनभाई उठले. “मी खाली गाडीत बसतंय,” म्हणाले आणि चपला घालून निघून गेले.

मी आधी ओरडलो. ते मला इथं लपवता येणार नाही. “हे तू केलंस? मुद्दाम? तुझ्यामुळे आईचं मशीन गेलं, कळतंय का तुला?”

“आय नो,” ती म्हणाली. “मी तेव्हाच सांगणार होते. पण सांगितलं असतं तर तुम्ही बरोबर टोटल केली असती.”

“आणि सामान नाशिकला जाणार हे तुला कुणी सांगितलं? असमाच्या आईनं?”

“कुणीच नाही. लिस्टमध्ये तुमचं काहीच नव्हतं, बाबा. तुमची उशी नव्हती. इस्त्री नव्हती. तुमचे शूज नव्हते. आईचं होतं, माझं होतं. आणि ते अंकल फोनवर दोन म्हणाले होते.”

माझा आवाज खाली आला. “मग मला विचारलं का नाहीस?”

“तुम्ही सांगितलं नाही म्हणून. मला वाटलं अजून फिक्स नाहीये. फिक्स झालं असतं तर तुम्ही सांगितलं असतं ना मला.”

मी खोक्यावर बसलो. परीक्षेचं कारण तोंडाशी आलं होतं, पण ते बोलायची लाज वाटली. त्या पोरीनं माझ्या गप्प राहण्यातसुद्धा माझ्यावर विश्वास ठेवला होता.

“दोनच्या वर गेलं तर कॅन्सल होईल असं वाटलं मला,” ती म्हणाली. “मग तुम्ही वस्तूच काढायला लागलात. मला कळेना किती करायला हवं होतं.” आता ती रडत होती, पण बोलायची थांबली नाही. “किती हवं होतं, बाबा? तीन?”

चौदा वर्षं लोक मला किती म्हणून विचारतात आणि मी तीन दशांश स्थळांपर्यंत उत्तर देतो. तिच्या तोंडाकडे बघून ते सांगायला मी तीन महिने घाबरलो होतो, आणि आता दुसरीकडे बघायला जागा नव्हती.

“दहा झालं असतं तरी जावंच लागलं असतं,” मी म्हणालो. “माझा पगार कमी झालाय. तुमचा इकामा होत नाही. तू आणि आई जाणार आहात, मी इथं राहणार आहे. जानेवारीतच ठरलंय.”

“जानेवारी,” ती म्हणाली.

उल्का पुढे आली आणि तिनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. जुईलीनं तो झटकला नाही. तिनं बाहीनं नाक पुसलं, माझ्या हातातली यादी घेतली, तीत मशीनच्या ओळीवर मी मारलेली काट बघितली आणि मग माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, म्हणून ते सोसवलं नाही.

“मग जानेवारीतच सांगितलं असतं तर मी बरोबर मापलं असतं,” ती म्हणाली. “आईचं मशीन गेलं नसतं.”

“हो,” मी म्हणालो. “गेलं नसतं.”