यादीतलं चोविसावं नाव

सरमदला गबाळेपणाचा मनापासून तिटकारा होता. दोन हजार सहा सालच्या बगदादमध्ये असा तिटकारा बाळगून जगायचं म्हणजे रोज स्वतःचंच रक्त आटवायचं. वीज दिवसातून चार तास, तीही लहर लागली तर. रस्त्यात काँक्रीटच्या भिंती, नाक्यानाक्यावर बंदुका घेतलेली पोरं, कचरा उचलणारे कधीच पळून गेलेले. पण सरमदच्या तारा बघाव्यात! हाजी रिदाच्या बेकरीच्या गच्चीवर त्याची इंटरनेटची तबकडी, तबकडीखाली पत्र्याचा डबा आणि डब्यातून गल्लीतल्या बावीस घरांना गेलेल्या बावीस तारा. प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधलेली. एक तार दुसरीवरून वेडीवाकडी गेलेली दिसली की त्याला जेवण जात नसे. लढाईआधी तो तंत्रशाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा. शाळा लुटली गेली, मास्तरकी गेली, शिस्त मात्र अंगात मुरलेली राहिली.

त्याचा एक नियम होता. गल्लीतल्या कुठल्याही कॉम्प्युटरला नेट जोडलं की त्या कॉम्प्युटरला घरमालकाचं नाव द्यायचं. मग आपल्या पडद्यावर यादी उघडली की सगळी गल्ली नावानिशी समोर उभी. कुणाच्या यंत्राला व्हायरस लागला, कुणाचं बंद आहे, बसल्या जागी कळायचं. ती यादी गल्लीतल्या प्रत्येकाला आपापल्या घरी दिसायची. पोरं ती उघडून खेळायला गडी शोधायची. नाक्यावरच्या बंदुकवाल्या पोरांनी कोपऱ्यावरचं एक रिकामं घर बळकावलं होतं, तीही पाळी संपली की तिथे गोळीबाराचे खेळ खेळत बसत. दिवसभर खरा गोळीबार करून पोट भरत नसावं. त्यांची तारही सरमदनेच ओढून दिली होती, फुकट. नाही म्हणायची कुणाची छाती होती?

आणि त्या वर्षी माणसं नावावरून मरत होती. नाक्यावर गाडी थांबवायची, ओळखपत्र मागायचं, नाव वाचायचं. नावावरून माणूस सुन्नी की शिया ते कळायचं आणि नाका कुणाचा आहे त्यावर पुढचं ठरायचं. नदीच्या या काठाला एक नाव नडायचं, पलीकडच्या काठाला दुसरं. सरमदचा मेहुणा काझिम पलीकडच्या नाक्यावर काझिम या शिया नावापायी गेला. सरमदचं नशीब थोर, बापाने ठेवलेलं नाव दोन्ही काठांना चालत होतं. ज्यांचं चालत नव्हतं त्यांनी खोटी ओळखपत्रं करून घेतली. त्यातून एक नवाच शिष्टाचार रुजला होता. नवा माणूस जे नाव सांगेल तेच त्याचं नाव. गाव विचारायचं नाही, आजोबांचं नाव विचारायचं नाही. शंका आली तर गिळून टाकायची. शंका बोलून दाखवणं म्हणजे समोरच्याला सांगणं, की तुझा जीव माझ्या मुठीत आहे.

हाजी रिदाच्या बेकरीवरच्या मजल्यावर चार महिन्यांपूर्वी भाड्याने आलेल्या माणसाचं नाव होतं जवाद. पूर्वी जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशे काढायचा, आता खाली बेकरीत गल्ल्यावर बसायचा. बोलका, हसरा, समून, म्हणजे तिथला पाव, देताना एखादी गरम वर टाकणारा. त्याची बायको हयाम घरी बसून भाषांतरं टाइप करायची. हयामचा भाऊ स्वीडनला होता आणि तो या दोघांना तिकडे बोलावून घेण्याच्या खटपटीत होता. त्यासाठी जवादची प्रमाणपत्रं आणि नकाशे ईमेलने पाठवायचे होते. ते सगळं होतं जवादच्या जुन्या कॉम्प्युटरवर, आणि त्यातून ते बाहेर काढायची सोयच नव्हती. फ्लॉपीत एक नकाशासुद्धा मावेना.

"म्हणून म्हणतो उस्ताद," जवाद म्हणाला, "हिचं यंत्र आणि माझं म्हातारं, दोघांना एकमेकांशी जोडून द्या आणि दोघांना नेट द्या. म्हातारं आमच्या लग्नाआधीचं आहे. निर्बंधांच्या दिवसांत एकेक भाग जमवून मी स्वतः बांधलंय."

सरमदने म्हाताऱ्याचं झाकण उघडलं. आत धुळीची गादी होती. "याला नेट कसलं जोडताय? याला हजला पाठवा."

"तेच मी म्हणते," हयाम स्वयंपाकघरातून ओरडली. "बायकोला ताप आला तर बघतील उद्या, पण याचा पंखा वाजायला लागला की घरात झोप नाही कुणाला!"

"बायको स्वतःहून बरी होते," जवाद म्हणाला. "याला कोण आहे माझ्याशिवाय?"

सरमद हसला. धूळ फुंकून त्याने पिशवीतलं नेटवर्कचं कार्ड बसवलं. मग पाच भोकांचा छोटा डबा टेबलाखाली ठेवला, गच्चीवरून आलेली गल्लीची तार त्यात खोचली, दोन्ही कॉम्प्युटरच्या तारा खोचल्या. हयामच्या कॉम्प्युटरला नियमाप्रमाणे नाव दिलं, जवाद. यादीतलं तेविसावं. मग तो म्हाताऱ्याकडे वळला. पुढचा खटका जुन्या पद्धतीचा होता, दाबला की आत रुतून बसणारा. पडदा उजळला. दिवसाउजेडीही खोलीत निळसर प्रकाश पडला.

सरमदने नावाची चौकट उघडली. तिथे आधीच एक नाव होतं. कधीकाळी हौसेने घातलेलं.

उस्मान ताहा.

त्याचा हात थांबला. या गल्लीत, शियांच्या या नाक्याच्या आत, हे सुन्नी नाव. ज्याच्या हातची समून तो चार महिने खात होता तो माणूस कोण, ते त्याला न विचारता कळलं होतं. आणि हे नाव आता तारेतून गल्लीभर पोचतंय, हे त्या घरात त्याच्या एकट्यालाच ठाऊक होतं. जवाद खिडकीशी उभा राहून काहीतरी गुणगुणत होता. त्याच्या लेखी हे त्याचं घरातलं यंत्र, घरातली तार. घराचं आणि गल्लीचं जाळं एकच आहे, हे त्याला कुठून ठाऊक असणार?

सरमदने नाव खोडलं, 'जवाद दोन' लिहिलं. यंत्राने विचारलं, बदल लागू करायला बंद होऊन पुन्हा सुरू होऊ का? त्याने होकार दिला आणि त्याच क्षणी, नवं नाव जतन व्हायच्या आत, वीज गेली.

खोली गप्प झाली. दारात हयाम चहाचे पेले घेऊन उभी होती.

"आता वीज कधी येईल कोण जाणे," जवाद म्हणाला. "चहा घ्या. थांबता का?"

थांबणं शक्यच नव्हतं. चार वाजत आले होते आणि चारनंतर नाक्यावरच्या पोरांपैकी कुणाचं डोकं कधी फिरेल सांगता येत नसे. सरमदने चहा उभ्या उभ्याच घेतला, जीभ भाजली.

"थोडं राहिलंय," तो म्हणाला. "उद्या सकाळी येऊन करतो."

"वीज आली की मी चालू करून बघू?"

"नको. हात लावू नका. मी येईपर्यंत बिलकूल नको."

एवढंच बोलला. 'तुमचं नाव सगळ्यांना दिसतंय, तार उपसा', हे त्याच्या ओठांवर आलं होतं. पण ते बोलायचं म्हणजे नाव वाचल्याची कबुली द्यायची. मग जवादने काय करायचं? रात्रीत घर सोडायचं? सरमदच्या पाया पडायचं? हसऱ्या माणसाचा चेहरा आपल्या डोळ्यांदेखत पडलेला त्याला बघवला नसता. आणि खरं सांगायचं तर त्याला स्वतःचीही भीती वाटत होती. माहीत असूनही सांगितलं नाही म्हणून त्याच नाक्यावर माणसं उचलली गेली होती. जिना उतरताना गच्चीवरचा डबा त्याच्या मनात आला. चिठ्ठी बघून एक तार ओढली की काम झालं असतं. पण हाजी रिदा विचारेल, का काढली? उद्या, तो मनात म्हणाला. यंत्र तर बंदच आहे.

यंत्र बंद नव्हतं. वीज गेली होती, एवढंच. खटका आत रुतलेलाच होता. नव्या कॉम्प्युटरना वीज आल्यावर हाताने चालू करावं लागतं, या जुन्यांना नाही. वीज आली की ते आपोआप जागे होतात. तंत्रशाळेत पोरांना तो हे दरवर्षी शिकवायचा.

सकाळी साडेसातला सरमदने सवयीने यादी उघडली. पहाटे वीज येऊन गेली होती, आता पुन्हा आली होती. हाजी रिदा, उम्म नज्म, जवाद. आणि सगळ्यांच्या खाली चोविसावं, उस्मान ताहा.

तो चपला न घालता पळाला. गच्चीवरचा डबा उघडून त्याने तार उपसली तेव्हा हाताला खरचटलं, तेही त्याला कळलं नाही. मग तो जिना उतरून मधल्या मजल्यावर आला. दार सताड उघडं होतं. उंबऱ्याशी शेजारची उम्म नज्म, म्हणजे नज्मची आई, डोक्याला हात लावून बसली होती.

"कुठे आहे तो?"

"नेलं रे, सव्वासहाला! गाडीच घेऊन आले मेले. मला विचारतात, उस्मान कुठे राहतो? मी म्हटलं, बाबांनो, आमच्या गल्लीत उस्मान नाही कुणी, चुकलात तुम्ही. तर म्हणाले, आहे, आम्ही वाचलंय. मग गल्लीत नवा हाच म्हणून थेट याच्या दारात गेले." तिने ओढणीआड तोंड लपवलं. "त्याचं काय वाचलं रे यांनी? कुठे वाचलं?"

आतून हयामचा आवाज येत नव्हता आणि आत जायची त्याला हिंमत झाली नाही. तो घरी आला. यादीत ते नाव तसंच होतं. तार उपसली तरी यादी नाव लगेच सोडत नाही, हेही तो शिकवायचा. अर्धा तास तो त्याच्याकडे बघत बसला. मग ते आपोआप गेलं.

मयत दुसऱ्या दिवशी सापडलं. तिसऱ्या दिवशी हयामचं बोलावणं आलं.

शोकाला येणाऱ्यांसाठी मातमाचा तंबू घातलेला नव्हता, त्यांना देतात ती कडू कॉफी नव्हती. हयामचे मामा कोपऱ्यात माळ ओढत बसले होते. ती काळ्या कपड्यांत टेबलाजवळ उभी होती.

"या उस्ताद. तुमचं काम अर्धं राहिलंय. यांचे फोटो, नकाशे माझ्या यंत्रावर घेऊन द्या. भावाला पाठवते, म्हणजे कुठेतरी राहतील."

सरमद खाली बसला. आता नाही बोललो तर कधीच बोलणार नाही, हे त्याला कळत होतं. "वहिनी, त्या दिवशी मी नाव पाहिलं होतं."

"माहीत आहे. मी दारातच होते. तुमचा हात थांबलेला पाहिला मी." तिचा आवाज सपाट होता. "तुम्ही गेल्यावर यांना सांगितलं. हे म्हणाले, बोलला नाही म्हणजे भला माणूस आहे. आपण विषय काढला तर उगाच त्याच्या जिवाला घोर."

"तार काढा, एवढं तरी मी म्हणायला हवं होतं."

"हो," हयाम म्हणाली. "म्हणायला हवं होतं."

तिने त्याला माफ केलं नाही आणि शिव्याही दिल्या नाहीत. त्याला शिव्या हव्या होत्या. मान खाली घालून तो फोटो उतरवू लागला. नकाशे, प्रमाणपत्रं, लग्नातला जवाद, मिशा नसलेला. सगळं झाल्यावर त्याने नावाची चौकट उघडली आणि बोट खोडायच्या कळीवर नेलं.

"राहू द्या ते."

"वहिनी..."

हयामने टेबलावरचा कागद त्याच्यापुढे सरकवला. शवागाराचा शिक्का, खाली तिची सही. मृताचं नाव जवाद महदी.

"ओळखपत्र यांच्या खिशातच होतं. कारकून म्हणाला, हा जवाद महदी का? दाराशी तसलीच पोरं उभी होती. मी हो म्हणाले. कबरीवरही तेच लिहिलं." इथे तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "जवाद नावाचा माणूस कधी जन्मलाच नव्हता हो. त्याला पुरून आले मी. माझा नवरा कुठल्याच कागदावर मेला नाही."

मामांची माळ थांबली होती.

"उद्या पहाटे मी मामांबरोबर सीरियात, दमिश्कला निघतेय," ती म्हणाली. "माझं यंत्र नज्मच्या आईला दिलंय. हे म्हातारं कुणाला नको. गच्चीवरची तार परत लावा, उस्ताद. खटका मी दाबून जाईन."

"वहिनी, सगळ्या गल्लीला दिसेल."

"दिसू दे."

सरमद गच्चीवर गेला. तार चिठ्ठीसकट पडली होती तिथेच होती. त्याने ती तिच्या जागी खोचली.

तो मजला पुढे कुणी भाड्याने घेतला नाही. वीज आली की बेकरीच्या डोक्यावर तो जुना पंखा घरघरायला लागायचा आणि यादीत ते नाव वर यायचं. वीज गेली की सगळ्या यादीबरोबर जायचं. गल्लीत सगळ्यांनी ते पाहिलं, कुणी त्यावर शब्द काढला नाही. महिन्याभराने कोपऱ्यावरच्या घरातला एक पोरगा सरमदच्या दारात आला. गळ्यात बंदूक, डोळे जागरणाने तांबारलेले.

"उस्ताद, त्या मेलेल्याचं नाव अजून यादीत येतंय. पोरांचं खेळात लक्ष लागत नाही. काढून टाक."

सरमदने त्याच्याकडे पाहिलं. गल्लीतली एकूण एक तार त्याला डोळे मिटून ओळखता येत होती.

"बघितलं मी," तो म्हणाला. "कुठली तार आहे ते सापडत नाही."