बाराव्याच्या पानावरचा तायकिळा

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी ती सड्यावरून, गावावरच्या कातळी पठारावरून, तायकिळा म्हणजे टाकळ्याची रानभाजी खुडून आली होती. गोवा घटक राज्य झाल्यानंतरचा तो पहिला पावसाळा. मी डिचोलीच्या शाळेत विज्ञान शिकवते. रविवार म्हणून इब्रामपूरला घरी आले होते. तिनं ओटीतला पाला सुपात ओतला, कोवळी पानं निवडली आणि मला नारळ खवायला बसवलं. चुलीवर फणसाच्या बिया शिजत होत्या.

तेवढ्यात रघुनाथकाका आला, बाबांचा धाकटा भाऊ. बाबा गेल्यापासून घरातला शब्द त्याचा. सडा म्हणजे नुसतं वाळवंट, तिथं आता सरकार कारखाना आणील, असं तो ऐकवू लागला. मग सुपाकडे बघून म्हणाला, "मगे वयनी, तुझो चारो खंय गावतलो?" चारा कुठे मिळणार, म्हणे.

मी तोंड उघडलं, तर आईनं डोळ्यांनी दटावलं. काका भाजी दोनदा मागून जेवला. तो गेल्यावर ती म्हणाली, "गप रव गो. जेवन गेलो मां तो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती विहिरीपाशी कोसळली. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. तरी तिला पोचवून परतणाऱ्या माणसांत बोलणं सुरू झालंच, की रानातला पाला बाधला. तीच भाजी मी खाल्ली होती, काकानं खाल्ली होती. पण बाईचं मरणसुद्धा तिच्याच हातून झालेली चूक ठरवायची, ही सवय आमच्याकडे जुनी आहे.

बाराव्याला गेलेल्या माणसाच्या आवडीचं रांधून त्याच्या नावानं पान वाढतात. माझी भावजय मालती सकाळीच सड्यावर जाऊन तायकिळा घेऊन आली. मला त्या दिवशी बाकी काहीच नको होतं; आईच्या पानावर तिची भाजी पडावी, एवढंच.

काकानं कोबी आणला होता. श्राद्धाला कोबी चालत नाही, ती परदेशी भाजी, हे आम्हांला लहानपणापासून त्यानंच बजावलेलं. पण त्याचे म्हापशाचे व्याही जेवायला यायचे होते, तेव्हा कोबी चालला. मालतीच्या कढईत डोकावून तो म्हणाला, "वयनीन जल्मभर गोरवांचो पालो खाल्ल्यान. आता तरी तिका बरां कायतरी वाढा."

मालतीनं कढई उतरवून कोपऱ्यात ठेवली. माझा भाऊ गुरुदास कोबीची भाजी भांड्यात काढू लागला. मी कढई उचलली आणि ओसरीवर मांडलेल्या पानाशी गेले. पाहुणे हात धुऊन बसायच्या बेतात होते. काकाचा मुलगा सगुण, खाणीवर ट्रक चालवतो तो, पाट मांडत होता. काका आडवा आला. माणसांदेखत शोभा नको, असं हळू आवाजात म्हणाला.

आईनं गप्प राहायला सांगितलं होतं, ते ती असेपर्यंत मी पाळलं. राग आला की माझ्या तोंडी वर्गातली भाषा येते, तशीच आली.

"काका, सगुण पाच वर्षांचा असताना त्याला दिवेलागणीनंतर दिसत नव्हतं. भिंतीला हात लावत चालायचा. तुम्ही नवस बोललात आणि त्याला आमच्याकडे आणून सोडलंत. आईनं त्याला पावसाळाभर हाच पाला भरवला, वर मूठभर नारळ घालून. डोळ्यांना जे जीवनसत्त्व लागतं ते या पानांत आहे, आणि ते अंगी लागायला तेल लागतं, ते नारळात असतं. तिनं हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं, मी वाचलंय. तुम्ही नवस फेडलात, गावजेवण घातलंत, तेव्हा आई तुमच्याकडे भांडी घासत होती. तिचं नाव तुम्ही तेव्हा घेतलं नाहीत आणि आजही घेत नाही. तुमच्या मुलाला दिसतं ते माझ्या आईमुळे. आता बाजूला व्हा, मला तिचं पान वाढायचंय."