यंत्रिकेच्या डोक्यात खारं पाणी

"शांतीताई, अजून थोडं गावठी करा ना. मजा येत नाहीये," काचेपलीकडून दिग्दर्शक शैलेश म्हणाला.

शांतीनं हातातला कागद खाली ठेवला. मोऱ्याच्या कोळीवाड्यात जन्मलेल्या बाईला पनवेलातल्या एका साडीच्या दुकानावरच्या स्टुडिओत हे ऐकावं लागत होतं. शैलेशला तिचं गाव ठाऊक नव्हतं. तिनंच कधी सांगितलं नव्हतं.

'ध्रुवापार' ही अंतराळातली मालिका गेली अकरा वर्षं चालू होती. तिच्यातल्या यंत्रिका नावाच्या रोबोचा आवाज शांतीचा. टीव्हीवरचं सगळ्यात स्वच्छ मराठी कोण बोलतं, तर हा पत्र्याचा डबा! शाळेतल्या बाई पोरांना सांगायच्या, यंत्रिकेसारखं बोला. हे मराठी कमवायला शांतीनं दोन वर्षं आरशासमोर 'आम्ही, तुम्ही' घोकलं होतं. 'ह' नीट उमटला की आरशावर वाफ धरायची.

आता नारळी पौर्णिमेचा खास भाग होता. हलकाफुलका, सणाचा. यानात समुद्र नाही, म्हणून मंडळी मीठ घातलेल्या पाण्याच्या टाकीलाच नारळ वाहतात. यंत्रिका टाकीत पडते, डोक्यात खारं पाणी जातं, ती बिघडते आणि कोळ्यांसारखी बोलायला लागते. बिघडते, म्हणून! जिला टीव्हीवर मोलकरीण, हवालदार नि दारुडा एवढ्याच नोकऱ्या मिळतात, त्या बोलीला आता बिघाडाचीही नोकरी लागली होती.

"'आमी नारल वाहतो हाय नाय,'" शांतीनं वाचलं. "वल्लरी, असं कोण बोलतं?"

लेखिका वल्लरी खारघरची, सव्वीस वर्षांची, मनानं चांगली. "मी विचारून लिहिलंय, ताई. आमच्या सोसायटीत मासळी घेऊन मावशी येतात ना, त्यांना."

"त्यांनी हे सांगितलं?"

"त्या खूप हसत होत्या," वल्लरी म्हणाली आणि तिचं तिलाच कळलं. कानापर्यंत लाल झाली.

"कोणीतरी खरं बोलणारं हवं," शैलेशनं कपाळ चोळलं. "ओळखीचं आहे का कोणी?"

शांतीनं फोन काढला, स्पीकरवर टाकला. "माझे वडील. मोऱ्याला असतात."

पलीकडून कमळाकरचा आवाज आला. चाळीस वर्षं होडीवर काढलेला, वाऱ्यावर ओरडून जाडा झालेला. "हॅल्लो. शांती? आपण जेवल्हात का? आम्ही जेवल्हो आहोत."

वल्लरीला हसू फुटलं. शांतीचा चेहरा पाहून तिनं ते गिळलं.

बाप लेकीला 'आपण' म्हणत होता. दिसेल तिथे 'ह' चिकटवत होता, कपड्याला ठिगळं लावावीत तसा. सात वर्षांपूर्वी शांतीचा सत्कार झाला, तेव्हा तो माइकवर "आमची पोर लय शानी हाय..." म्हणाला आणि शांती सगळ्यांदेखत त्याच्या कानाशी लागली, "बाबा, नीट बोला ना!" त्यानं तिथल्या तिथे माइक परत दिला. त्या दिवसापासून तो तिच्याशी असंच बोलत होता. रागानं नव्हे. लेकीला आपली लाज वाटू नये म्हणून. रागावला असता तर बरं झालं असतं, तिला माफी तरी मागता आली असती.

"बाबा, पुनवेला नारळ देताना दर्याला काय म्हणता?"

"आम्ही सागराला वंदन करितो," कमळाकर सावकाश, अडखळत म्हणाला.

शांतीला काच फोडावीशी वाटली. ती फोनवर वाकली. "असं नको ना, बाबा. मना सांगा हाय ना... आमी इचारतो हाय..."

ती थबकली. तोंडून वल्लरीचा कागद बाहेर पडला होता. जीभ इतकी घासली होती, की खालची बोलीच पुसट झाली होती.

पलीकडे कमळाकर खो-खो हसत सुटला. खोकला येईपर्यंत हसला.

"असा कोन बोलतं गो, बाय? तुना कोनी शिकवला हा?"

'बाय.' सात वर्षांनी.

"मी इसरली, बाबा," ती म्हणाली. "माझा चुकला. तवाच चुकला. तू बोल ना, जसा आईशी बोलतोस तसा."

"वंदन कसला गो, मी तर त्याला दाटतो, दमच देतो," कमळाकर म्हणाला. आवाज एकदम मोकळा झाला, होडीचा दोर सुटावा तसा. "बोलतो, ए बाबा, यंदा मस्ती करू नको. माझी पोरा तुझ्या अंगावर हायत. तुना नारल दिलाय, आता गप रव."

वल्लरीनं कागदावर मोठी रेघ मारली. 'बिघडते' खोडलं. "यंत्रिका पाण्यात पडते आणि टाकीलाच दाटते," ती लिहिता लिहिता म्हणाली. "हसूही येईल, पण तिच्यावर नाही. चालेल ना, सर?"

"धावेल," शैलेश म्हणाला. "शांतीताई, फोन ठेवता? टेक घेऊ."

"थांब जरा," शांती म्हणाली. अकरा वर्षांत तिनं दिग्दर्शकाला पहिल्यांदा थांबवलं.

"बाय, हायस का?" कमळाकर विचारत होता. "पुनवेला येशील ना घरा?"

"येतंय."

"ये. त्या टीव्हीवरच्या मशीनला आनू नको. लय शानी हाय ती, तिच्यासमोर मना जेवाला नाय जमत."