हिरव्या गल्लीचं पाणी

सोमवार उजाडला की महापालिकेच्या दारातल्या पडद्यासमोर गर्दी उसळायची. पडदा दोन मजले उंच. त्यावर शहराच्या चारशे गल्ल्यांच्या चारशे चौकटी. आपल्या गल्लीचा नंबर दाबायचा, की चौकट फुगून मोठी व्हायची. हिरवी आली तर येत्या आठवड्यात नळाचं पाणी शुद्ध; लाल आली तर दूषित. झालेलं सांगणं नव्हे, होणारं सांगणं!

"आमची हिरवी!" शिंपी ओरडायचा.

"आमची तर महिनाभर हिरवीच आहे," पाववाली नाक उडवायची.

पडद्याशेजारी कानाला माइक लावून कंपनीचे सल्लागार उभे असायचे. त्यांचं नाव कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. सगळे त्यांना 'भविष्यवाले' म्हणत आणि त्यांना ते आवडे.

"मी कोण हो सांगणारा? डेटा बोलतो, मी फक्त ऐकतो," ते डोळे अर्धवट मिटून म्हणत. "मशीन रोज शिकतंय. पाण्याच्या पोटात काय आहे, ते पाण्याच्या आधी मशीनला कळतं. सत्त्याण्णव टक्के अचूक! आणि लपवाछपवी नाही. सगळी माहिती संकेतस्थळावर खुली आहे. कोणीही उघडून बघा!"

कोणीही उघडून बघत नसे. पण 'बघा' म्हटल्यावरच लोकांचा विश्वास बसे.

त्या गर्दीत पहिल्या महिन्यात बाटलीबाईही होती. पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत ती तपासणीचं काम करायची, खांद्याला कायम नमुन्याच्या बाटल्यांची पिशवी, म्हणून हे नाव पडलं. विज्ञान शिकलेली मुलगी. तरीही तिने टेकडीवरच्या तीनशे सात नंबरच्या गल्लीची हिरवी चौकट पाहिली, फोटो काढला आणि तिथे राहणाऱ्या बहिणीला पाठवला. खाली लिहिलं, 'बघ!'

दोन महिन्यांनी तीच बहीण रुग्णालयाच्या खाटेवर होती. सातवा महिना, आणि डोळे हळदीसारखे पिवळे.

"दूषित पाण्यातून होणारी कावीळ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गरोदरपणात ही फार वाईट वळण घेते. पाणी कुठलं पिता?"

"नळाचं."

"उकळून?"

ताईने धाकटीकडे पाहिलं. "आधी उकळायचे. मग छोटीने तो हिरवा फोटो पाठवला ना. मीच म्हटलं, आता कशाला पातेली चढवत बसायची."

तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूरही नव्हता. म्हणूनच ते बाटलीबाईच्या काळजात घुसलं.

त्याच दुपारी ती टेकडी चढली. ताईच्या नळाचं पाणी तिने तपासणीच्या बाटलीत भरलं. या बाटलीतल्या पाण्यात मैल्याचे जंतू असले, तर एक-दोन दिवसांत ते काळं पडतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटलीतलं पाणी शाईसारखं झालं होतं.

ती बाटली घेऊन ती धावत अभियंत्यांकडे गेली. "साहेब, तीनशे सातचा व्हॉल्व्ह बंद करा. टँकर पाठवा. बेचाळीस घरं हे पाणी पितायत."

अभियंत्यांनी संगणकात डोकं घातलं. "अगं, ती हिरवी आहे."

"ही काळी आहे!"

"मला दिसतंय. पण गल्ली लाल झाल्याशिवाय बंद करण्याचा आदेशच निघत नाही."

"लाल कधी होणार?"

"अधिकृत नमुना दूषित निघाला की."

"मग अधिकृत नमुना घ्या!"

"नमुने फक्त लाल गल्ल्यांतून घ्यायचे, असं ठरलंय." अभियंत्यांनी मान वर केली नाही. "मशीनच सांगतं ना कुठे जायचं ते. वेळ वाचतो."

बाटलीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती रुग्णालयात परतली, व्हरांड्यातल्या बाकावर बसली आणि ती खुली माहिती तिने उघडली. चारशे ओळी होत्या. तीनशे सातच्या ओळीत दूषित नमुन्यांचा आकडा होता शून्य. पुढच्या महिन्यातही शून्य. चौदा महिने शून्यच. इतकं स्वच्छ पाणी तिने प्रयोगशाळेतही पाहिलं नव्हतं.

मग ती नमुनेकाकांकडे गेली. तीस वर्षं हा माणूस शहरातून बाटल्या भरून आणत होता.

"काका, टेकडीवर शेवटचे कधी गेलात?"

काका ओशाळले. "पोरी, पायऱ्या खचल्या आणि माझे गुडघेही. दीड वर्ष झालं असेल. वर दोनदा अर्ज दिला, दुसरा माणूस द्या म्हणून."

"मग वहीत शून्य का लिहिलंत?"

"शून्य?" काका उखडले. "मी? बघ ही वही! गेलो आणि पाणी चांगलं निघालं तर आडवी रेघ. वाईट निघालं तर फुली. गेलोच नाही तर चौकट रिकामी. खात्यात पहिल्यापासून हीच पद्धत. न गेलेल्या ठिकाणचं खोटं मी आयुष्यात लिहिलेलं नाही."

वहीत तीनशे सातची चौकट खरंच रिकामी होती. पान न् पान रिकामी. बाटलीबाईने पुन्हा संकेतस्थळ उघडलं. अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती : 'रिकामी नोंद शून्य धरली आहे.'

म्हणजे जिथे कोणी फिरकलंच नाही, ती गल्ली मशीनच्या लेखी सर्वात शुद्ध. शुद्ध, म्हणून हिरवी. हिरवी, म्हणून तिथे कोणी जायचं नाही. कोणी गेलं नाही, म्हणून पुन्हा शून्य. मशीन रोज शिकत होतं ते हेच.

ती पानं उलटत राहिली, आणि दोनशे बारा नंबरच्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

सोमवारी पडद्यासमोर नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती, कारण खुद्द आयुक्त आले होते. बाटलीबाई रांगेत उभी राहिली. मागे ताईचे यजमान, तिचे भावजी, होते, तीन दिवसांच्या वाढलेल्या दाढीनिशी.

"बोला बाई, कुठली गल्ली?" भविष्यवाल्यांनी हसून विचारलं.

"दोनशे बारा."

चौकट फुगली. हिरवीगार. भविष्यवाल्यांचा चेहरा उजळला. "वा! बघा मंडळी, शहरातल्या सुरक्षित गल्ल्यांमध्ये हिचा पहिला नंबर! मशीन म्हणतंय, दोनशे बाराच्या रहिवाशांनी डोळे मिटून पाणी प्यावं!"

पाववाली खेकसली, "अहो, कुठले रहिवासी? ती गल्ली पाडून दोन वर्षं झाली! तिथं पुलाचा खांब आहे!"

"खांब पाणी पितो का हो?" शिंपी ओरडला, आणि हशा पिकला.

"किरकोळ तांत्रिक बाब आहे," भविष्यवाले घाईने म्हणाले. "एकूण अचूकता सत्त्याण्णव..."

"तीच सांगते," बाटलीबाई गर्दीकडे वळली. "गेल्या आठवड्यात मशीनने चारशे भाकितं केली. तपासायला माणूस गेला फक्त वीस गल्ल्यांत. त्यातली आठ बरोबर आली, बारा चुकली."

"नाणं उडवलं असतं तरी दहा आली असती!" शिंप्याला राहवेना.

"उरलेल्या तीनशे ऐंशी गल्ल्या कोणी तपासल्याच नाहीत. त्या सगळ्या यांनी 'बरोबर' म्हणून मोजल्या. तीनशे ऐंशी आणि आठ, झाले सत्त्याण्णव टक्के! पोराने वीस प्रश्न सोडवले, बाकीचा पेपर कोरा ठेवला, आणि मास्तरांनी कोऱ्या पानांना पैकीच्या पैकी गुण दिले. हा तुमचा चमत्कार!"

"हे बघा, डेटा कधी खोटं..."

"डेटा खरंच बोलत होता. या माणसाने 'मी गेलो नाही' असं प्रामाणिकपणे नोंदवलं होतं." तिने नमुनेकाकांची वही उंच धरली. "तुम्ही त्याचं 'पाणी चांगलं आहे' केलंत."

मग तिने पिशवीतून दोन बाटल्या काढल्या. एक काळी. दुसरीत नितळ पाणी, सकाळीच टेकडीवरून भरलेलं. ते तिने पेल्यात ओतलं आणि पेला भविष्यवाल्यांसमोर धरला.

"तीनशे सातचं आहे. तुमच्या पडद्यावर हिरवं. प्या डोळे मिटून."

भविष्यवाल्यांनी पेल्याकडे पाहिलं, मग काळ्या बाटलीकडे. त्यांनी एक पाऊल मागे घेतलं. गर्दीतल्या शेवटच्या माणसालाही ते पाऊल दिसलं.

आयुक्त पुढे आले. "शांत व्हा. आपण एक समिती नेमू..."

"नेमा की!" भावजी एकदम गरजले. "दहा नेमा! पण आधी व्हॉल्व्ह बंद करा. माझी बायको तिकडे मरणाशी झुंजतेय आणि शेजारीपाजारी अजून तेच पाणी पितायत!"

"व्हॉल्व्ह बंद करा!" पाववाली ओरडली, आणि मग सगळेच. आयुक्तांनी तिथूनच अभियंत्यांना फोन लावला. तासाभरात व्हॉल्व्ह बंद झाला, टँकर चढला. दोन दिवसांनी खोदल्यावर सापडलं : पाण्याच्या फुटक्या नळावर मैल्याची नळी ठिबकत होती. ते पाहायला दूरदृष्टी लागत नव्हती. टेकडी चढणारा एक माणूस पुरला असता.

ताई वाचली. बाळ वाचलं नाही.

भविष्यवाल्यांना काही झालं नाही. ते दुसऱ्या शहरात गेले आणि तिथेही सत्त्याण्णव टक्केच सांगतात, असं ऐकू येतं. म्हणून हे सांगायचं. कोणी भस्म फुंकून उद्याचं सांगू दे की पडदा उजळवून, त्याला दोन प्रश्न विचारा : तुम्ही नक्की कुठे कुठे जाऊन पाहिलंत? आणि चुकलात तेव्हा ते कोणी मोजलं? गणित वाईट नाही, यंत्रही वाईट नाही. पण जे आपल्याला माहीत नाही, त्याला हिरवा रंग देणारा माणूस फसवतोय, मग त्याच्या कानाला कितीही महागडा माइक असो. जिथे गेलो नाही तिथे 'गेलो नाही' असंच लिहा, आणि उठून जा.

आता दर मंगळवारी बाटलीबाई टेकडी चढते. ताई दारात बसलेली असते. परवा तिने बाटलीबाईला बाटली भरताना पाहिलं आणि विचारलं, "आजचं कसं आहे गं?"

"माहीत नाही, ताई. बाटली काळी पडते का, ते दोन दिवस बघावं लागतं."

"तोवर?"

"तोवर उकळून पी."

ताई उठली, आत गेली आणि तिने पातेलं चढवलं.