ओट्याच्या कड्या

चतुराबाईंच्या घरचा संडास तुंबला होता. पाणी ओतलं की आत गुडगुड व्हायची आणि ओतलेलं पाणी खाली जायच्या ऐवजी वर यायचं. मुलगा कृष्णा शहागंजातल्या कापड दुकानात कामाला. संध्याकाळच्या एसटीनं येताना त्यानं ऍसिडच्या बाटल्या आणून ओतल्या. सून मंजुषानं बांबू घालून पाहिला. शेवटी सगळ्यांना शेजारच्या सत्यशीलाबाईंकडे जायची पाळी आली.

"या, या," सत्यशीलाबाई दारातूनच म्हणायच्या. "पाव्हण्यांनी चहा बी घेऊन जावा."

चेष्टाच होती ती, पण मंजुषाच्या मनाला लागायची. ती पदर ओढून खाली मान घालून जायची.

रविवारी कृष्णानं देवगाव रंगारीहून मैला उपसायचा टँकर बोलावला. गाडी घेऊन मुंजाबा आला. जाड पाइप खाली टाकत त्यानं विचारलं, "टाकीचं तोंड कुठंय?"

कृष्णानं आईकडे पाहिलं. "माय, दादांनी कुठं बांधली होती गं टाकी?"

"तिकडं, कडुलिंबाखाली," चतुराबाई म्हणाल्या. नवरा, पुंजाराम, हयात असताना त्यांनी हेच सांगितलं होतं. टाकी बांधली तेव्हा चतुराबाई कृष्णाच्या बाळंतपणाला माहेरी होत्या. परत आल्या तर अंगणात नवा संडास उभा, आणि टाकी कुठं म्हणून विचारलं तर नवऱ्यानं मानेनंच कडुलिंब दाखवला होता.

मुंजाबानं पहार आपटत आवाज घेतला. एक खड्डा खणला, मग दुसरा. नुसता मुरूम.

"इतक्या वर्षांत एकदा बी उपसली नाय?"

"कधी भरलीच नाही ना," कृष्णा म्हणाला.

"भरल्याबिगर ऱ्हाती व्हय? घर काय उपाशी होतं?" मुंजाबा हसला. "चार-पाच वर्षांला उपसावी लागती, साहेब. आन् ते ऍसिड ओतू नका. आतले जीव मरत्यात, मग कुजवायचं कुणी?" त्यानं घाम पुसला. "जुने गवंडी झाकणाला दोन लोखंडी कड्या बसवायचे, उचलायला. तशा कड्या कुठं दिसल्या का?"

ओट्यावर बसून चतुराबाई मेथी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

ज्या ओट्यावर त्या बसल्या होत्या, त्याच्या एका टोकाला, कांद्याच्या गोणीखाली, दोन कड्या होत्या. दुसऱ्या टोकालाही दोन.

हा ओटा पुंजारामांनी त्यांना दिला होता. लग्न होऊन आल्यापासून त्या मागत होत्या. वाळवण घालायला जागा नव्हती. बाजेवर घातलं तर कोंबड्या यायच्या, पत्र्यावर घातलं तर वानरं. आणि संडासही मागत होत्या. पुंजाराम म्हणायचे, यंदा एकच काहीतरी होईल. माहेरून बाळ घेऊन त्या आल्या तेव्हा दोन्ही झालेलं होतं. ओट्याचं सिमेंट काचेच्या बाटलीनं घोटून असं गुळगुळीत केलं होतं की हात फिरवला तर ताटासारखा लागावा. "या कड्या कशाला?" त्यांनी विचारलं होतं. "सावलीला पाल बांधायला," पुंजाराम म्हणाले होते. "उन्हात बसून कुरडया घालशील, डोकं तापंल."

तेव्हापासून गल्लीतल्या प्रत्येक लग्नाच्या पापडांचा मुहूर्त याच ओट्यावर व्हायचा. सवाष्णी गोळा व्हायच्या. चतुराबाई ओटा धुऊन कोपऱ्यातल्या चौकोनात, त्या दोन कड्यांच्या मधोमध, हळदीकुंकू वाहायच्या. मग पहिला पापड लाटला जायचा. पुंजाराम अबोल माणूस. त्यांनी कधी साडी निवडून आणली नाही, कधी जत्रेतून बांगड्या आणल्या नाहीत. हा ओटा एवढीच एक गोष्ट होती, जी त्यांनी फक्त बायकोसाठी केली, असं चतुराबाईंनी इतकी वर्षं धरून ठेवलं होतं.

आणि आता तो ओटा म्हणजे टाकीचं झाकण निघणार होतं.

त्या पुन्हा मेथी निवडू लागल्या. बोललं नाही तर काय बिघडेल? पोरगा नवी टाकी बांधेल. जुनी राहील तिथं, गपचूप.

मुंजाबानं तिसऱ्या खड्ड्याला पहार लावली. तेवढ्यात मंजुषा घरातून निघाली, पदर तोंडावर घेऊन, शेजारच्या दाराकडे. चतुराबाई तिची ती चाल बघत राहिल्या. अशाच त्या स्वतः जायच्या, पहाटे अंधारात, टमरेल पदराखाली धरून, सडकेच्या कडेला. ट्रकचा उजेड आला की सगळ्या बाया उठून उभ्या राहायच्या. तो गेला की पुन्हा बसायच्या. पोटुशी असताना तर उठताना हाताला धरायला कुणी लागायचं.

त्या उठल्या आणि कांद्याची गोणी ओढू लागल्या.

"माय, काय करतीस?"

"इथं बघा," त्या म्हणाल्या. "कड्या इथं हायत."

पहारीनं चौकोनाची फट मोकळी केली. कड्यांत दोर घालून मुंजाबा आणि कृष्णानं झाकण सरकवलं. वास असा उसळला की सत्यशीलाबाई भिंतीपलीकडून धावत आल्या आणि नाकाला पदर लावून उभ्या राहिल्या. कृष्णा वाकून आत पाहायला गेला, तसं मुंजाबानं त्याला दंडाला धरून मागं ओढलं.

"डोकं घालू नका. आतला वायू माणसाला आडवं करतो. मी बी कधी उतरत नाय. पाइप उतरतो."

यंत्र सुरू झालं. सत्यशीलाबाई ओट्याकडे, मग टाकीकडे, मग चतुराबाईंकडे बघत राहिल्या.

"अगं बया! चतुराबाई, माझ्या दोन्ही पोरींच्या लग्नाचे पापड!"

"खाल्लेस ना? पचले ना?"

"तुला ठावं होतं?"

"ठावं असतं तर हळदीकुंकू वाहिलं असतं का मी?" चतुराबाई फणकारल्या. पण तो राग सत्यशीलावर नव्हता. तो ज्याच्यावर होता तो भिंतीवरच्या फोटोतून, हाराआडून बघत होता. खोटं बोलला. इतकी वर्षं रोज समोर बसून जेवला आणि एका शब्दानं बोलला नाही.

टाकी उपसून झाली. कृष्णा हात धूत म्हणाला, "माय, हे सगळंच फोडून टाकू. सपाट करून वर पेव्हर ब्लॉक बसवू. झाकणाला नवं तोंड ठेवू. गाडी लावायला जागा बी होईल."

चतुराबाई ओट्याच्या कडेला टेकल्या. आता काय सांगून अडवायचं?

"थांबा, दुसरं तोंड बघू दे," मुंजाबा म्हणाला. "त्या टोकाला बी कड्या हायत. तिकडं दुसरा कप्पा असंल, तो बी उपसला पायजे."

त्यानं त्या कड्यांपाशी पहार आपटली. आवाज भरीव आला. कडेनं उकरलं, फट सापडेना. एका कडीत पहार घालून त्यानं जोर लावला, तर गंजलेली कडी मोडून हातात आली. खाली नुसते दगड.

"टाकी अर्ध्या ओट्यातच संपली," तो म्हणाला. "इकडं भराव हाय. ह्या कड्या कशाच्या, काय कळंना. उचलायला तर काय नाय हितं."

चतुराबाई जागेवरून उठून त्या टोकाला आल्या. मोडलेली कडी त्यांनी हातात घेतली, उलटसुलट केली. मग घरात गेल्या. मंजुषाला वाटलं, सासूबाई रडायला गेल्या. पण त्या ट्रंकेतलं जुनं लुगडं घेऊन बाहेर आल्या.

"आत्याबाई, हे कशाला?"

"पाल बांधायला. झाकण बसवा आधी. फट मातीनं लिंपा, पुढच्या वेळी सापडायला पायजे. आन् कृष्णा, ओटा फोडायचा नाय. गाडी बाहेर लाव."

"अगं माय, संडासाच्या टाकीवर..."

"कुरडया बाजेवर घालीन. तेवढं कळतं मला."

झाकण बसल्यावर त्यांनी ओटा दोनदा धुतला. पुंजारामांनी पालासाठी भिंतीला ठोकलेल्या खुंट्या अजून होत्या. लुगड्याची दोन टोकं त्यांनी खुंट्यांना बांधली, तिसरं झाकणाच्या कडीला. चौथ्याची कडी मोडलेली; ते टोक सत्यशीलाबाईंच्या हातात दिलं.

"धर जरा. नुसती उभी काय ऱ्हाती?"

"आता काय पापड लाटतीस?" सत्यशीलाबाई नाक धरूनच म्हणाल्या, पण टोक सोडलं नाही.

चतुराबाई ओट्यावर बसल्या. घरातल्या पलंगावर, खुर्चीवर त्यांचे पाय लोंबकळत राहायचे, इथं मात्र ते सरळ जमिनीला टेकले. दुपारचं ऊन अंगणभर होतं, फक्त त्यांच्या डोक्यावर सावली पडली होती. त्यांनी मेथीची जुडी मांडीवर ओढली.

"सांगायला काय झालं होतं?" त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

"मला म्हणतीस?" सत्यशीलाबाईंनी विचारलं.

"नाय. तू धर नीट."