इतका चांगला माणूस

मी प्रश्नपुस्तिका बोलतेय. मानसोपचार विभागातल्या कपाटात असते. शपथेवर सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे, एक थाप आहे मधे, ती शेवटी सांगेन. खोटं पकडण्यात आयुष्य गेलं, थोडं अंगाला लागणारच.

छापखान्यातून निघाले तेव्हा पोटात स्वभावाबद्दलची शेकडो वाक्यं होती. माणसानं ती वाचायची आणि वेगळ्या कागदावर ‘हो’ किंवा ‘नाही’वर खूण करायची. त्यात काही वाक्यं साळसूद आहेत. ‘मला कधीच राग येत नाही’, ‘मी कुणाबद्दल वाईट बोललेलो नाही’. अशा सगळ्यांना ‘हो’ म्हणणारा अजून जन्माला यायचाय. तरी लोक माझ्यापुढे फोटो काढायला बसल्यासारखे सावरून बसतात.

एकदा एक क्रेनचालक आला. त्याच्या क्रेनचा दोर तुटून सोबत्याचा पाय चिरडला होता. तेव्हापासून हा वर चढला नव्हता. इथून ‘हरकत नाही’ असा शेरा मिळाला, तरच कारखान्यातली नोकरी टिकणार होती.

“एकट्यानं भरा,” असं सांगून मानसतज्ज्ञ बाई वॉर्डात गेल्या. हा चष्मा घरी विसरलेला. मग बायको आत आली आणि मला मोठ्यानं वाचू लागली.

“‘मला शांत झोप लागते.’ हो लावा.”

“लागते कुठे पण?” तो म्हणाला.

“कामावर जायचंय ना? लावा. ‘मला कधीच राग येत नाही.’ हो.”

“मग काल चप्पल सापडेना म्हणून मी घर डोक्यावर घेतलं, ते?”

“ते बाईंना कोण सांगतंय?”

मी पानं फडफडवून पाहिली. तिनं पंखा बंद केला.

बाईंनी परत येऊन उत्तरं तपासली. “इतका चांगला माणूस या खोलीत पहिल्यांदाच आला.”

“म्हणजे पास?” बायकोनं विचारलं.

“इथे पास-नापास नसतं, वहिनी. खोटारडे आहात असंही मी म्हणत नाही. चांगलं दिसायची फार गरज पडलीय, एवढंच कळतं. कशाची भीती वाटते?”

त्यानं दोन्ही हात टेबलावर ठेवले. “वर चढायचं म्हटलं की हे थरथरतात. हिला सांगितलं नव्हतं.”

बायकोनं माझ्यावरचा हात काढून त्याच्या हातावर ठेवला. “मग ‘नाही’ लावायचं होतंत ना.”

दुसऱ्या दिवशी चष्मा आणून तो एकटा बसला. या खेपेला उत्तरं फार चांगली नव्हती, पण त्याची होती. बाईंनी त्याच्याशी, बायकोशी बोलून मगच लिहिलं: सध्या वर नको, खालचं काम द्यावं, उपचारांनंतर पुन्हा पाहू. कारखान्यानं ते ऐकलं.

आता तो रोज क्रेनवरून माझ्या खिडकीकडे हात हलवतो.

ही ती थाप. माझ्या कपाटाला खिडकीच नाही. तो वर चढला की नाही, मला ठाऊक नाही. उपचारांच्या दिवशी दाराबाहेर मात्र अजून त्याचा आवाज येतो, आणि बायको विचारते, “अहो, चष्मा घेतलात ना?”

तुम्ही याल तेव्हा तुमचाही घ्या. आणि एकटे बसा.