सहीपुरती जागा

अर्ज लिहिण्यात शिवदास हिवराळ्यांचा हात धरणारा चारकोपच्या सेक्टर पाचमध्ये कोणी नव्हता. रेशन कार्डात सुनेचं नाव चढवायचं असो, शाळेच्या दाखल्यातली चूक दुरुस्त करायची असो, नाहीतर गटाराची तक्रार असो, लोक सकाळी सकाळी कागद घेऊन त्यांच्या दारात हजर. चौतीस वर्षं सरकारी खात्यात कारकुनी करून ते निवृत्त झाले होते. म्हणजे ऑफिसला जाणं थांबलं होतं, कारकुनी कुठली थांबते! बायकोला, द्रौपदीला, वाण्याकडची यादीसुद्धा ते अनुक्रमांक घालून देत. अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं आणि त्या लग्नाच्या एकाही कागदावर त्यांची सही लागत नव्हती.

सपना पोलंडमध्ये एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. तिथल्याच यान नावाच्या मुलाशी तिचं जमलं. चोरून काही नाही, दोन वर्षं घरी सगळं माहीत होतं. तो पोलिश नागरिक, ही भारतीय. तेव्हा तिथल्या भारतीय वकिलातीत नोटीस देऊन रीतसर कायद्याने लग्न करायचं असं दोघांनी ठरवलं. शिवदासांनी फोनवर आनंद झाल्याचं सांगितलं आणि लगेच विचारलं, की कागदांचं काय, मी काय काय पाठवू? सपना म्हणाली, काहीच नको पप्पा, मी सगळं भरून टाकलंय. तेहतीस वर्षांची आहे मी, बापाची परवानगी कोण मागतंय आता.

ती हे हसत म्हणाली होती. शिवदासांच्या मात्र ते जिव्हारी लागलं.

पोरगी कायमची तिकडची होणार ही खंत होतीच, नाही असं नाही. जावयाशी बोलायचं तर हातवारे करावे लागणार हेही होतं. पण खरं दुखणं वेगळंच होतं आणि ते सांगायची लाज वाटावी असं होतं. सगळ्या सेक्टरची कामं ज्याने केली, त्याला स्वतःच्या मुलीच्या लग्नात काम नव्हतं. पुढे तिने नियमाप्रमाणे मुंबईच्या पेपरात छापून आलेली नोटीस फोनवर पाठवली. कोणास आक्षेप असल्यास तीस दिवसांत कळवावे, अशी खाली ओळ होती. शिवदासांनी त्या पेपरच्या दोन प्रती विकत आणल्या आणि ती ओळ लाल पेनाने अधोरेखित केली. अख्ख्या कायद्यात त्यांच्यासाठी एवढीच एक जागा शिल्लक होती.

मग त्यांनी कायदा वाचला. वाचणारच ते. आक्षेपाला कारणं मोजकीच चालतात. वय कमी, जवळचं नातं, वेडेपण, यातलं काहीच सपनाला लागू करता येण्यासारखं नव्हतं. उरलं एकच, की आधीचा नवरा किंवा बायको हयात असणं. आणि नेमका त्यांच्या कपाटात एक फोटो होता. आठ वर्षांपूर्वी सेक्टर आठमधल्या भीमराजशी सपनाचा विहारात साखरपुडा झाला होता. दोघं पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात हार, मागे माणसं उभी. तिऱ्हाइताला ते लग्नच वाटावं. सहा महिन्यांनी तिला परदेशात शिकायला जागा मिळाली आणि दोघांनी समजुतीने ते मोडलं, कुणी कुणाला उणा शब्द बोललं नाही. त्या फोटोची शिवदासांनी झेरॉक्स काढली. चारकोपात सगळे ओळखतात म्हणून बोरीवलीला जाऊन काढली, तिथेच बिनसहीचं पत्र छापून घेतलं आणि तिथूनच वकिलातीच्या पत्त्यावर पोस्टात टाकलं. पत्रात लिहिलं होतं की सदर मुलीचा विवाह यापूर्वी झाला असल्याचे समजते, तरी खात्री करून घ्यावी.

समजते, म्हणे. ज्या बापाने साखरपुड्याचे पेढे स्वतः वाटले, त्याला हे कुठून समजलं, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही. त्यांच्या डोक्यात हिशोब सरळ होता. पत्र जाईल, सपना घाबरून फोन करील, पप्पा आता काय करू म्हणेल, आणि मग ते खुलासा लिहून देतील. आठ दिवसांत सगळं मार्गी लावू. पोरीच्या आयुष्याशी आपण खेळतोय असं त्या वेळी त्यांच्या मनाला शिवलंही नाही.

सपनाचा फोन आला, पण तो घाबरलेला नव्हता. ती थकलेली होती. पत्र निनावी असलं तरी फोटो जोडलेला असल्यामुळे वकिलातीने लग्नाची तारीख थांबवली होती. तिच्या नोकरीचा करार सहा महिन्यांत संपत होता. तोवर लग्न झालं नाही तर तिला गाशा गुंडाळून परत यावं लागणार होतं. पत्र मराठीत होतं आणि तिथे मराठी वाचणारं कोणी नव्हतं, त्यामुळे त्याचं भाषांतर तिच्याकडूनच मागितलं होतं. ती म्हणाली, एक एक ओळ मी इंग्रजीत केली, पप्पा, अधिकाऱ्यांच्या समोर बसून. मग तिने सांगितलं की वडिलांचं प्रतिज्ञापत्र हवंय, मुलीचं आधी लग्न झालेलं नाही असं. तुम्ही कराल ना, असं तिने दोनदा विचारलं.

म्हणजे सही लागली. मनात होतं तसंच झालं होतं, आणि शिवदासांच्या घशाखाली त्या दिवशी भाकरी उतरली नाही.

द्रौपदीचं वेगळंच चाललं होतं. ती चौथीपर्यंत शिकलेली, पण सपनाने फोनवर दाखवलेला फोटो ओळखायला शाळा लागत नाही. हा फोटो दोनच घरांत, आपल्या आणि भीमराजच्या, आणि आपण तर काही पाठवला नाही, असा तिचा सरळ विचार. ज्याने हे केलं त्याला सुखाचा घास लागू नये, असं ती भाकऱ्या थापता थापता म्हणायची आणि गरम भाकरी शिवदासांच्या ताटात टाकायची. ते खाली मान घालून खायचे. एका दुपारी ती त्यांना न सांगता सेक्टर आठला गेली आणि भीमराजच्या दारात उभी राहून, त्याच्या बायकोच्या देखत, त्याला नको नको ते बोलून आली. परत आल्यावर म्हणाली, आता बरं वाटलं.

शिवदासांनी तेव्हा तरी तोंड उघडायचं. नाही उघडलं. चार दिवस ते प्रतिज्ञापत्राचा मसुदा खोडत आणि लिहीत बसले. मुलगी अविवाहित आहे, इथपर्यंत पेन सुरळीत चाले. पुढे, सदर पत्र कोणा अज्ञात इसमाने खोडसाळपणे लिहिले असावे, या वाक्याशी आलं की अडे. खोटी सही त्यांनी नोकरीत कधी केली नव्हती. साहेबांनी दम दिला तरी केली नव्हती.

पाचव्या दिवशी सकाळी भीमराजच दारात आला. चारकोपच्याच औद्योगिक वसाहतीत तो सुपरवायझर होता, कामावर जायच्या कपड्यांतच होता. द्रौपदी विहारात गेली होती. त्याने जय भीम केला, बस म्हटल्यावर खुर्चीच्या टोकावर बसला. बायको मुलीला घेऊन मुलुंडला माहेरी गेली, असं त्याने सांगितलं. तिचं म्हणणं, आठ वर्षं झाली तरी तुमच्या मनातून ती गेलेली नाही, म्हणून तिचं लग्न मोडायला निघालात.

"मी नाही लिहिलं, काका," तो म्हणाला. "माझ्याकडे तो फोटोच नाहीये. माझं लग्न ठरलं तेव्हाच फाडून टाकला, हिला वाईट वाटायला नको म्हणून. आता हे कोणाला पटवू?"

शिवदासांची नजर कपाटाकडे गेली.

"तुम्ही मला एक कागद लिहून द्या ना. नोकरीचा पहिला अर्ज तुम्हीच लिहून दिला होता. तुमच्या हातचं असलं की हिच्या घरचे ऐकतील."

शिवदासांनी सवयीने कागद ओढला. सवयीने वर तारीख घातली, विषय लिहिला: निनावी पत्राशी माझा संबंध नसल्याबाबत. भीमराज त्या पेनाकडे विश्वासाने बघत होता. त्या पोराने आठ वर्षांत एकदाही वाकडं तोंड केलं नव्हतं. रस्त्यात भेटला की सपना कशी आहे हे बायकोसमोरसुद्धा मोकळेपणाने विचारायचा. शिवदासांनी पेनाला टोपण लावलं. थांब जरा, म्हणाले, काकू येऊ दे.

द्रौपदी आली, भीमराजला घरात बघून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. शिवदासांनी तिला बसायला लावलं. सपनाला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला. तिथे पहाट व्हायची होती. सपना झोपेतूनच, काय झालं, म्हणाली. त्यांना वाटलं होतं आपण व्यवस्थित, मुद्देसूद बोलू. तोंड उघडलं आणि एकही मुद्दा सापडेना.

"पत्र मी लिहिलं," ते म्हणाले. "भीमराजने नाही. मी."

द्रौपदीने आधी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग भीमराजकडे, आणि तिचा हात तोंडावर गेला.

"माहीत आहे, पप्पा," सपना म्हणाली. "निनावी पत्राला विषय कोण लिहितं? संदर्भ म्हणून पेपरची तारीख कोण टाकतं? खाली 'सोबत: वरीलप्रमाणे' होतं. तेवढ्याचं भाषांतर करताना मला रडू आलं."

मग तू बोलली का नाहीस, असं द्रौपदी म्हणाली. सपना म्हणाली की मी वाट बघत होते, प्रतिज्ञापत्र त्यासाठीच मागितलं, लिहिता लिहिता तरी सांगतील म्हणून. भीमराजचं तिला काहीच ठाऊक नव्हतं. ते कळल्यावर तिने त्याची माफी मागितली, आपला काही दोष नसताना मागितली, आणि शिवदासांना ते सर्वांत जड गेलं. मग तिने, का केलंत, असं विचारलं.

शिवदासांनी खरं ते सांगितलं. कुठेच माझी सही लागत नव्हती, म्हणाले. बोलल्यावर त्यांचं त्यांनाच ते कारण एवढंसं वाटलं की त्यांनी मान खाली घातली.

"लागत होती," सपना म्हणाली. "लग्नाला तीन साक्षीदार लागतात. पहिलं नाव तुमचं टाकलं होतं. तिकिटं बघत होते, मग सांगणार होते. आता नाही टाकू शकत, पप्पा. नियमात चालत असेलही. मी विचारलं नाही."

फोन बंद झाल्यावर भीमराज उठला. शिवदासांकडे पाठ करून तो चपला घालू लागला. काकू, तुम्ही एकदा हिच्याशी बोला, एवढंच द्रौपदीला म्हणाला. द्रौपदी अंगावरच्या साडीनिशी त्याच्याबरोबर मुलुंडला गेली आणि संध्याकाळी परत आली. भीमराजच्या बायकोचे पाय धरले, पोरीला मांडीवर घेऊन बसले, येते म्हणाली रविवारी, एवढं तिने भिंतीकडे बघून सांगितलं. त्या दिवसापासून तिने शिव्याशाप बंद केले. ताटात भाकरी टाकत होती, पण जेवायला चला म्हणायची नाही.

पुढचं काम शिवदासांनी दोन दिवसांत उरकलं. बोरीवलीच्या कोर्टाबाहेर नोटरीने प्रतिज्ञापत्र वाचलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. सदर पत्र मी, मुलीचा पिता, स्वतः लिहिले असून त्यातील मजकूर खोटा आहे व तो खोटा असल्याचे मला लिहितेवेळी माहीत होते. सही करायला जागा भरपूर होती. वकिलातीने आक्षेप निकाली काढला आणि लग्नाला दोन महिन्यांनंतरची नवी तारीख मिळाली.

पहिल्या साक्षीदाराच्या जागी आता द्रौपदीचं नाव होतं. तिचा पासपोर्ट काढायचा होता. फॉर्म अर्थात शिवदासांनीच भरला, एकही खाडाखोड न करता. सहीच्या चौकटीपाशी त्यांनी पेन तिच्यापुढे केलं. तिला बँकेत सही करतानाही हात कापायचा. तिने आधी वहीच्या कागदावर सराव मांडला. त्यांनी पट्टीने रेघा मारून दिल्या. द्रौपदी शिवदास हिवराळे, द्रौपदी शिवदास हिवराळे, असं तिने सावकाश चार वेळा लिहिलं. पाचव्यांदा ती मधेच थांबली.

"मधलं नाव घालायलाच लागतं का?"

खोटं बोलणं सोपं होतं. कागदाच्या बाबतीत तिने लग्नापासून त्यांच्यावर कधी संशय घेतला नव्हता.

"नाही," शिवदास म्हणाले. "सही आपली आपण ठरवायची. फक्त इथे जी केलीस, तीच तिथे करायची."

द्रौपदीने फॉर्म जवळ ओढला. चौकटीत अगदी मावेल अशी, हळूहळू, द्रौपदी हिवराळे अशी सही केली आणि बरोबर आहे का बघा, म्हणून कागद त्यांच्याकडे सरकवला. शिवदासांनी चष्मा पुसला, सही नीट पाहिली आणि बरोबर आहे म्हणाले.